तांब्यातलं नितळ पाणी

सोनपेठला माहेरी असताना अंबिकेच्या मनात आलं की ती एसटीत बसायची. परभणीत दारी गाडी आली आणि सात वर्षांत तिचे पाय उंबऱ्याशीच थांबायला शिकले. भाजी असो की भजन, नवरा किल्ली कधी उचलतो याची वाट बघायची. "दारात गाडी असताना लाल डब्यात लटकतेस?" गोविंदराव म्हणायचे. तिलाही ते गोडच लागायचं.

लेक ईश्वरी बाळंतपणात अडली तेव्हा अंबिका महादेवाला बोलून गेली, 'दोघं सुखरूप सुटू दे, श्रावणी सोमवारी झरी फाट्यापासून अनवाणी येईन.' दोघं सुखरूप सुटली. सोमवारी फाट्यावरचा काळा चिखल बघून मात्र तिचा जीव कचरला. "अहो, त्या चिंचेपर्यंत सोडा की." चिंचेपासून देऊळ पन्नास पावलांवर, तेही फरसबंदीवरून.

पायरीशी धुरपदाबाई बसलेली. जन्म ऊसतोडीत गेलेली म्हातारी. चालत आलेल्यांचे पाय धुवायचे, हा तिचा नेम. आधीच्या बायकांच्या पायांवरून काळंभोर पाणी वाहिलं. अंबिकेच्या पायांवरून तांब्यातलं पाणी तसंच नितळ परातीत उतरलं. म्हातारीनं ते बघितलं, पदरानं पाय पुसले आणि त्यांवर डोकं टेकलं.

"आजी, नको..."

"आगं माय, चालून आलीस. न्हाई कसं म्हनतीस?"

खरं सांगायचं सोडून अंबिका पदर सावरू लागली. तेवढ्यात गोविंदराव हातात चपला घेऊन आले. "अगं, गाडीतच राहिल्या तुझ्या!"

रांगेतली एक पोरगी फिस्सकन हसली. "काकू गाडीत बसून अनवाणी आल्या व्हय!"

धुरपदाबाई हसली नाही. तेच जास्त लागलं. नातवंडाच्या जिवावर बोललेला नवस, आणि तिथंही आपण लबाडी केली! दर्शन न घेताच अंबिका माघारी फिरली, चिखल तुडवत फाट्याकडे. मागून गाडी रांगत होती. "बस गं, तमाशा नको!" तिनं ऐकलं नाही. फाट्यावरच्या पाटीला हात लावून ती पुन्हा देवळाकडे वळली.

पोचली तेव्हा रांग संपलेली, म्हातारी परात घासत होती. तिनं तांब्या उचलला. पण अंबिकेला पाय पुढं करवेनात. तांब्या घेऊन तिनं स्वतःच धुतले, मग आत जाऊन डोकं टेकलं.

बाहेर आली तेव्हा धुरपदाबाई पदर खोचून उभी. "चारची एसटी हाय. येतीस का?"

चिंचेखाली गोविंदरावांनी हॉर्न दिला. अंबिकेनं तिकडे न बघता म्हातारीला मान हलवून होकार दिला. डोळ्याला डोळा मात्र देववला नाही.