वरच्या मजल्यावरची चौकशी

आपोआप काहीही घडत नाही, प्रत्येक गोष्टीला एक जबाबदार माणूस असतोच, असं मानणारा इतका कट्टर गृहस्थ अख्ख्या लखनौत दुसरा नसेल. तेलीबागेत ते आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. मूळचे जळगावचे, रेल्वेत इंजिनिअर. दूध उतू गेलं तरी घरात चौकशी बसते. ओट्याची पाहणी होते, जबाब होतात. "आता गॅसचाही जबाब घ्या," वहिनी म्हणतात. एकदा मांजराने दही सांडलं. मांजर निर्दोष सुटलं. खिडकी उघडी ठेवल्याबद्दल पाहुण्या आलेल्या सासूबाईंना ताकीद मिळाली.

त्यांचा दुसरा हट्ट मराठीचा. त्यांची बारा वर्षांची मुलगी मनू घरातही हिंदीच बोलते. म्हणून रोज संध्याकाळी ते आपला फोन तिच्या हातात देत आणि आलेले सगळे मेसेज तिने मराठीत वाचून दाखवायचे. "'कृपया भुगतान करें' म्हणजे?" "मेहरबानी करून पैसे द्या." "शाबास!" वीजबिल, लग्नाची आमंत्रणं आणि बँकेचे ओटीपी, सगळं याच शिकवणीत येई. कार्डही त्याच फोनमध्ये नोंदलेलं होतं. एका संध्याकाळी मनूने फोनवरच्या खेळातल्या राजवाड्यासाठी त्या क्रेडिट कार्डावर हत्ती घेतले. कळपच.

"इतके महाग?" वहिनी ओरडल्या.

"सफेद वाले रेअर होते हैं, मम्मी."

त्यांनी बँकेला फोन लावला तेव्हा मी तिथेच होतो. "सर, आपने नहीं ख़रीदा तो किसने? कोई अनजान?" वहिनी हातवारे करत होत्या, हो म्हणा, हो म्हणा. मनू खाली मान घालून उभी होती.

"अनजान नहीं. बेटी है."

"फिर तो सर, आपको ही भरना पड़ेगा."

त्यानंतर रीतसर चौकशी बसली. फोन कोणी दिला? "आपने." ओटीपी वाचायला कोणी शिकवलं? "आपने." निकाल लगेच लागला: जबाबदार, वडील. शिक्षा म्हणून स्वतःला त्यांनी हिवाळाभर चौकातली मक्खन मलाई, त्यांची थंडीतली लाडकी मिठाई, बंद केली. मनूला कोणी एका शब्दानेही बोललं नाही.

तरीही ती आता फोनला हात लावत नाही. "आप ही पढ़ लीजिए, पापा," म्हणते. मग ते स्वतःच मोठ्याने मराठीत वाचतात, मुद्दाम चुकीचं. खालच्या मजल्यावर आम्हाला स्पष्ट ऐकू येतं. प्रत्येक चुकीनंतर ते थोडं थांबतात. कोणी सुधारत नाही. मग ते पुढचा मेसेज घेतात.