आभारवाल्या ताई

ऐंशीच्या दशकात अंबरनाथमध्ये जाहीर कार्यक्रम संपवायचे दोनच खात्रीचे मार्ग होते. एक म्हणजे वीज जाणं आणि दुसरा म्हणजे नीलिमाताई. त्यातही विजेचा भरवसा नसे. ताई मात्र कधी चुकत नसत.

नीलिमाताई मोरिवलीला लागून असलेल्या एका कारखान्यात टेलिफोन ऑपरेटर होत्या. दिवसभर बोर्डासमोर बसून "होल्ड करा, जोडून देते" म्हणायचं हे त्यांचं काम. आवाज असा गोड आणि खणखणीत, की शिव्या द्यायला फोन केलेली माणसंसुद्धा आधी नमस्कार करत. हा आवाज विचारविहार मंडळाच्या अध्यक्षांनी, म्हणजे शरदचंद्र साहेबांनी, एका वर्षी हेरला. मंडळाच्या व्याख्यानमालेत दरवर्षी आभार मानणारे गृहस्थ नेमके आजारी पडले होते. "ताई, जरा तेवढं आभाराचं बघता का?" साहेबांनी विचारलं, ताईंनी बघितलं, आणि तेव्हापासून ते काम त्यांच्या गळ्यात पडलं ते पडलंच.

आता आभार म्हणजे काय, हे आपल्याकडे कुणाला सांगायला नको. वक्त्याचं भाषण संपतं, सूत्रसंचालक "यानंतर आभार" म्हणतो, आणि तो 'आ' हवेत असतानाच सगळ्या सभागृहाचे गुडघे कडकड वाजतात. लोक उठतात. मंडळाचे उत्साही कार्यकर्ते सतरंजीची गुंडाळी करायला घेतात. तिकडे चहाची किटली निघते, आणि या सगळ्या गदारोळात कुणीतरी एक बाई मांडववाल्याचे, माइकवाल्याचे आणि ज्ञात-अज्ञात हितचिंतकांचे आभार मानत असते. ते हितचिंतक तोवर दाराबाहेर चपला शोधत असतात.

ताईंनी हे इतकी वर्षं आणि इतकं मन लावून केलं, की त्यांची कीर्ती बदलापूरपर्यंत पोचली. कात्रपच्या शाळेचं स्नेहसंमेलन असो की उल्हासनगरच्या कापडवाल्यांचा मेळावा, आभाराला ताईच. पण कीर्तीचं असं असतं, की ती कधीकधी अंगाशी येते. कात्रपला एका बारशात ताई बाळाचं कौतुक करायला सहज उभ्या राहिल्या. "मी दोन शब्द..." एवढंच म्हणाल्या, तर निम्मे पाहुणे न जेवता निघाले. यजमानांना त्यांच्या मागे जिलबीची ताटं घेऊन पळावं लागलं. घरीसुद्धा तीच गत. ताई काही महत्त्वाचं सांगायला लागल्या की त्यांचे यजमान शशिकांतराव नकळत उठून पायात चपला घालत.

"अहो, कुठे निघालात?"

"मला काय माहीत? तू बोलायला लागलीस ना!"

ताई हसायच्या. पण आतून त्यांना वाईट वाटायचं. त्यांची इच्छा तशी साधीच होती. आयुष्यात एकदा, फक्त एकदा, समोर माणसं मांडी घालून बसलेली असावीत आणि आपण भाषण करावं. विषयसुद्धा ठरलेला होता, 'टेलिफोनवरचा माणूस'. पोळ्या लाटता लाटता त्यांनी ते भाषण इतक्या वेळा केलं होतं, की घरातला पोळपाटसुद्धा त्यावर बोलू शकला असता. दरवर्षी त्या शरदचंद्र साहेबांकडे विषय काढत आणि दरवर्षी साहेब तेच उत्तर देत.

"ताई, भाषण काय, कुणीही ठोकतो. आभाराला तुमच्यासारखं माणूस आहे का?"

हे कौतुक आहे की दारात उभं करून दिलेला चहा, हे ताईंना कधी कळलं नाही.

एक्याण्णव साली कुणीतरी साहेबांच्या डोक्यात भरवलं, की काळ बदलतोय, मंडळाचं व्यासपीठ सर्वसमावेशक पाहिजे. साहेब कुठलीही गोष्ट मनावर घेतली की तडीस नेत. त्यांनी उल्हासनगरहून मांडवाच्या खुर्च्या आणि माइक पुरवणाऱ्या लछमनदास शेठना दीपप्रज्वलनाला बोलावलं. मोरिवलीच्या धोंडिबा पाटलांना नारळ फोडायला बोलावलं. स्वागताच्या गुलाबांसाठी तीन महिला, ईशस्तवनासाठी चार, बुद्धवंदनेसाठी दोन, आणि आभाराला अर्थातच नीलिमाताई. सगळ्यांना स्टेजवर बसवलं आणि सगळ्यांना एकच सूचना दिली, "आपण फक्त बसायचं. बोलायचं काम आपले पाहुणे करतील."

पाहुणे पुण्याचे. त्याआधीचे पुण्याचे, त्याच्या आधीचेही पुण्याचेच. विषय 'समाजातील प्रत्येकाचा आवाज'.

स्टेज एवढं सर्वसमावेशक झालं, की पाहुण्यांच्या खुर्चीला जागाच उरेना. धोंडिबांनी खुर्चीचा एक पाय कडेबाहेर ठेवून तोल सांभाळला होता. साहेबांनी प्रास्ताविक सुरू केलं. पाहुण्यांना उशीर होत होता, म्हणून ते लांबवलं. आणखी उशीर झाला, म्हणून अध्यक्षीय भाषणासाठी राखून ठेवलेलंही त्यातच वापरून टाकलं. शेवटी ते स्वतःच्या शालेय जीवनापर्यंत आले आणि तेवढ्यात शेजारच्या दुकानात निरोपाचा फोन आला. पाहुण्यांचं पोट बिघडलं होतं. ते पुण्यातच होते, आणि घरातसुद्धा एका ठरावीक खोलीच्या बाहेर येऊ शकत नव्हते.

साहेबांचा चेहरा पडला. सभागृह खचाखच भरलेलं आणि बोलायला कुणी नाही. त्यांनी स्टेजवर नजर फिरवली. शेठजींचं मराठी ऐकून भिंतीवरच्या तसबिरी दचकतील, अशी त्यांची समजूत होती. धोंडिबांना डुलकी लागली होती. बाकीच्या महिला त्यांच्या हिशेबातच नव्हत्या. उरल्या ताई.

"ताई," साहेब कानाशी कुजबुजले, "तुम्हीच बोला काहीतरी. लोकांना बसवून ठेवा, म्हणजे झालं."

ताईंची इतक्या वर्षांची इच्छा अशी घाईघाईत, ताटात वाढल्यासारखी समोर आली होती. त्यांनी पदर सारखा केला, घसा खाकरला आणि त्या माइकपाशी जाऊन उभ्या राहिल्या.

आणि सभागृह उठलं.

कुणी काही म्हणालं नव्हतं. ताई नुसत्या दिसल्या होत्या. पण सगळं सभागृह एकदम उठलं, टाळ्यासुद्धा झाल्या, "छान झाला कार्यक्रम" असं एकमेकांना सांगून झालं. ताई म्हणाल्या, "बसा, मी भाषण करणार आहे." तर पुढच्या रांगेतल्या काकूंनी प्रेमानं हात हलवून निरोप घेतला. साहेब माइकवर आले आणि ओरडले, "कार्यक्रम संपलेला नाही!" त्यावर लोक हसले. साहेब विनोदसुद्धा करतात, याचं त्यांना कौतुक वाटलं. सतरंजी अर्धी गुंडाळून झाली होती. किटली निघाली होती.

ताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. माणसानं किती वर्षं दार लावायचं काम करावं, म्हणजे लोक त्यालाच दार समजायला लागतात?

धोंडिबा या गोंधळात जागे झाले. "बाय गो, संपला काय?" त्यांनी विचारलं.

"सुरूच नाही झाला, बाबा," ताई म्हणाल्या.

तेव्हा लछमनदास शेठ खुर्ची सरकवून पुढे आले. खुर्च्या मोजून परत न्यायच्या असल्यामुळे शेठजी दर कार्यक्रमात शेवटपर्यंत थांबत. त्यामुळे ताईंचं प्रत्येक आभारप्रदर्शन पूर्ण ऐकलेला हा पंचक्रोशीतला एकमेव माणूस होता.

"ताई, रडू नका. लोग गेला किधर? सब चपलेजवळ उभा आहे. इतना चप्पल, सगळा सेम टू सेम. अर्धा घंटा कुठे जात नाही कोणी. और माझा भोंगा बाहेरच्या खांबावर आहे, तोंड चपलेकडेच आहे. तुम्ही बोला. मी आवाज वाढवतो."

शेठजींनी आवाजाचं बटण फिरवलं. भोंगा एकदा कर्कश शिट्टी मारून गप्प झाला. ताईंनी डोळे पुसले. भाषण सुरू कसं करायचं ते ऐन वेळी आठवेना, म्हणून तोंडात बसलं होतं तेच बाहेर पडलं.

"सर्वप्रथम मी आमच्या कारखान्यातल्या त्या साहेबांचे आभार मानते, ज्यांनी आज दुपारी मला फोनवर सांगितलं, की 'मी जागेवर नाही असं सांगा'. हे त्यांनी जागेवरूनच सांगितलं."

बाहेर चपलांच्या ढिगात वाकलेली दोन-तीन डोकी वर आली. त्यातलं एक लगेच खाली गेलं.

"त्यानंतर मी त्या गृहस्थांचे आभार मानते, ज्यांना मी चुकून दुसऱ्याच्या बायकोचा फोन जोडून दिला. बाईंनी विचारलं, 'डबा खाल्लात का?' हे म्हणाले, 'हो.' 'भाजी कशी होती?' 'बरी होती.' 'येताना कोथिंबीर आणा.' 'आणतो.' आणि दोघांनी फोन ठेवला. दोघांनाही कळलं नाही. गृहस्थांनी कोथिंबीर नेली. स्वतःच्या घरी."

बाहेर एक बाई नवऱ्याला म्हणाली, "म्हणजे त्या दिवशी ती जुडी..." नवरा चपला तिथेच टाकून आत पळाला, आणि तीही त्याच्या मागून आली. मग आणखी काही आले. बाहेर उभं राहून आपलं नाव यायची वाट बघण्यापेक्षा आत बसून दुसऱ्याचं ऐकलेलं बरं, असा शहाणा विचार सगळ्यांनीच केला असावा. दारात कोंडी झाली. एक गृहस्थ एका पायात स्वतःची आणि दुसऱ्या पायात भलत्याचीच चप्पल घालून आत आले. सतरंजी गुंडाळणाऱ्यांनी ती मुकाट्यानं पुन्हा पसरली. किटली कोपऱ्यात थंड होत राहिली.

ताईंनी नाव कुणाचंच घेतलं नाही. पण प्रत्येकाला वाटत होतं की आता आपलीच पाळी. 'टेलिफोनवरचा माणूस' पोळपाटावर जेवढा रंगायचा, त्याच्यापेक्षा त्या दिवशी जास्त रंगला. लोक पोट धरून हसत होते. लछमनदास शेठ तर इतके हसले, की त्यांच्याखालची भाड्याची खुर्ची त्यांनीच मोडली. मग ताई मध्येच थांबल्या. समोर सगळी माणसं मांडी घालून बसली होती आणि त्यांच्याकडे बघत होती.

"बोर्डावर बसलं की एक कळतं," त्या म्हणाल्या. "साहेबांचा फोन आला की अख्खं ऑफिस गप्प होतं. मशीन शॉपमधला हेल्पर घरी फोन करून विचारपूस करायला आला, की सगळे म्हणतात, आटप लवकर. बोलायला सगळ्यांना येतं हो. शेठजींना येतं, धोंडिबांना येतं, या गुलाब देणाऱ्या बायकांना तर किती येतं, ते त्यांच्या घरी विचारा. पण समोर कुणीतरी बसलं पाहिजे. तुम्ही आज बसलात. मला फार बरं वाटलं." आणि त्या आपल्या खुर्चीत जाऊन बसल्या.

टाळ्या बराच वेळ थांबेनात. थांबल्या, तेव्हा वेगळाच घोळ लक्षात आला. लोक उठायला तयार होते, पण उठायचं कशावर? आभार कुणी मानलेच नव्हते. ज्यांनी मानायचे त्याच तर वक्त्या होत्या. सगळे एकमेकांकडे बघत बसून राहिले. शरदचंद्र साहेबांनी सूत्रसंचालकाकडे पाहिलं, तर तो चपलेचा जोड शोधायला गेलेला. शेवटी साहेब स्वतःच उठले. जाता जाता ताईंपाशी थांबून हळूच म्हणाले, "याची सुरुवात कशी करतात हो?"

"नावानं करायची," ताई म्हणाल्या. "पूर्ण नाव घ्यायचं. माणसाला बरं वाटतं."

साहेब माइकसमोर उभे राहिले. शब्दांचा माणूस, पण हातांचं काय करायचं ते त्यांना सुचेना.

"आजच्या वक्त्या," ते म्हणाले, "श्रीमती नीलिमा..."

आणि तिथेच अडले. साहेबांनी खिशातली कार्यक्रमपत्रिका काढून बघितली. तिच्यावर सगळ्यांची नावं होती, आणि शेवटी नुसतंच 'आभार' छापलेलं होतं. साहेबांचे कान लाल झाले. त्यांनी माइकवर हात ठेवला आणि मागे वळून विचारलं, "ताई, तुमचं आडनाव काय?"

हात पुरता बसला नव्हता. प्रश्न भोंग्यातून बाहेर गेला, चपलांपर्यंत, रस्त्यापर्यंत. सभागृहात कुणी हसलं नाही. पुढच्या रांगेतल्या काकू शेजारणीकडे वळल्या, बहुतेक हेच विचारायला, आणि शेजारणीनं खाली पाहिलं.

ताई उठल्या. माइकपाशी आल्या नाहीत. जिथे होत्या तिथूनच, ऑपरेटरच्या त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या, "नीलिमा शशिकांत रणपिसे."

साहेबांनी माइकवरचा हात काढला आणि ते नाव, मध्ये एकदा अडखळून, पूर्ण घेतलं. ते घेऊन होईपर्यंत कुणीही उठलं नाही.