निरंक दाजींचा स्कोअर

माझे दाजी फौजेत होते आणि त्यांच्या डोक्यावर जगात कुणाचंही एक पैशाचं देणं नव्हतं. ही गोष्ट ते कुणीही न विचारता सांगत. लग्नात माझ्या मावशीने त्यांना नुसतं ‘जेवलात का?’ विचारलं, तर ‘जेवलो, आणि माझ्यावर कर्ज नाही,’ असं उत्तर मिळालं म्हणे. मावशी थोडं वाढवून सांगते, पण फार नाही. घरात आम्ही त्यांना निरंक दाजी म्हणायचो. तोंडावर नाही. फौजी माणूस आहे.

माझं सगळं उलट. मी लोकांचे फ्रीज दुरुस्त करतो आणि माझा स्वतःचा फ्रीज हप्त्यावर आहे. स्कूटर हप्त्यावर, फोन हप्त्यावर, बायकोचं शिलाई मशीनही हप्त्यावर. ताईकडे गेलो की ताप न उतरणाऱ्या माणसाकडे बघावं तसे दाजी माझ्याकडे बघत.

फौजेत बदली झाली की हातात एक कागद मिळतो. तो घेऊन माणसाने भांडार, लायब्ररी, मेस, क्वार्टरचं ऑफिस असं फिरायचं आणि प्रत्येक ठिकाणी सही घ्यायची, की या माणसाकडून आमचं काही येणं नाही. कांबळी परत, पुस्तकं परत, किल्ल्या परत. बाकीचे लोक त्या दिवशी वैतागलेले असतात. दाजी मात्र इस्त्रीचा शर्ट घालून निघत. सगळ्या सह्या झाल्या की कागदावर नसलेल्या आणखी एका ठिकाणी ते आपणहून जात, ते म्हणजे बँक. पगाराच्या खात्याबरोबर बँकेने गळ्यात घातलेलं क्रेडिट कार्ड ते कधी वापरत नसत, पण बदलीच्या दिवशी न चुकता परत करत आणि ते बंद झाल्याचं लेखी मागत. पगाराचं खातं तेवढं राहिलं, कारण ते बंद करू द्यायला फौज तयार नव्हती.

ताईने अशा बदल्यांमध्ये संसार केला, मुलगी वाढवली. पडदे प्रत्येक क्वार्टरच्या खिडक्यांना लहान तरी पडत नाहीतर लोळत तरी. ती कधी कुरकुरली नाही. पण निवृत्तीला दोन वर्षं उरली तेव्हा तिने एका शाळेच्या मागे दोन खोल्या आणि स्वयंपाकघर असलेलं घर पाहून ठेवलं, आणि हेच हवं म्हणाली. निवृत्त झाल्यावर क्वार्टर सोडावं लागणार होतं. पगार चालू आहे तोवर गृहकर्ज मिळालं तर मिळालं. पेन्शनवर एवढी रक्कम कुणी दिली नसती. हे घर हातचं गेलं, तर पुन्हा भाड्याच्या खिडक्या आणि पुन्हा पडदे.

म्हणून आम्ही तिघं बँकेत गेलो. कर्जाच्या टेबलावर एक तरुण बाई होत्या. त्यांनी बराच वेळ स्क्रीनकडे पाहिलं.

“सर, तुमचा क्रेडिट स्कोअर दिसत नाही.”

“म्हणजे चांगला आहे?”

“म्हणजे नाहीच. मॅडमचाही नाही.”

“मी आयुष्यात कुणाचं देणं ठेवलेलं नाही.”

“हो सर. तेच दिसतंय.”

स्कोअरच्या जागी एक आडवी रेघ होती. दाजी त्या रेघेकडे शत्रूच्या चौकीकडे बघावं तसे बघत बसले. बाईंनी समजावून सांगितलं की माणूस घेतो आणि वेळेवर फेडतो हे दिसलं, तर बँकेला भरवसा वाटतो. “तुम्ही सर, काही घेतलंच नाहीये. मग तुम्ही फेडता की नाही हे आम्हाला कसं कळणार?”

तेवढ्यात मला बुद्धी सुचली आणि सहज म्हणून मी माझा स्कोअर बघायला सांगितला. तो उत्तम निघाला. बाई पहिल्यांदाच हसल्या आणि त्यांनी मला तिथल्या तिथे पर्सनल लोन देऊ केलं. परतीच्या वाटेवर दाजी माझ्यापुढे दहा पावलं चालत होते.

उपाय सोपा होता. दोघांनी आपापल्या नावाने मुदत ठेव ठेवून तिच्या तारणावर क्रेडिट कार्ड घ्यायचं, त्यावर दर महिन्याला थोडा किराणा आणायचा, बिल आलं की तारखेच्या आत पूर्ण भरायचं. बदली झाली तर नवा पत्ता कळवायचा. आणि कार्ड बंद करायचं नाही. शेवटचं वाक्य बाईंनी दाजींकडे बघून दोनदा सांगितलं.

दाजींनी हुकूम मानला, पण आपल्या पद्धतीने. दुकानात कार्डावर साबण घेतला की ते तसेच, साबण हातात घेऊन, बँकेत पैसे भरायला जात.

“सर, बिल तरी येऊ द्या,” बाई म्हणाल्या.

“तोवर मी काय करायचं?”

“काही नाही. देणं ठेवायचं.”

त्या महिन्यात दाजींचं वजन उतरलं. ताई म्हणते, झोपेत कूस बदलताना ते ‘साबण’ असं पुटपुटत. पण हळूहळू बिल येईपर्यंत थांबायला ते शिकले. थांबण्याचं प्रशिक्षण फौजेत असतंच.

आणि मग शेवटची बदली आली. लांबच्या चौकीवर, कुटुंबाशिवाय, जिथे फोन लागला तर लागला. मी सामान बांधायला गेलो होतो. दाजी कागद घेऊन फिरून आले, सगळ्या सह्या घेतल्या, पाणी प्यायले आणि पुन्हा बूट चढवायला बसले.

“आता कुठे?” ताईने विचारलं.

“बँकेत.”

“अहो, ते बंद करायचं नाहीये.”

“माहितीये.” तरी नाड्या बांधणं चालूच.

मी म्हटलं, “दाजी, सगळ्या मेहनतीवर पाणी पडेल. घर जाईल हातचं.”

त्यांनी दुसऱ्या बुटाची नाडी ओढली. मग नाड्यांकडे बघतच सांगितलं. नवीन भरती झाले होते तेव्हा त्यांचा एक जोडीदार चौकीवरून परत आला नाही. त्याची ट्रंक घरी पोचवायला दाजींना पाठवलं होतं. ट्रंक दारात ठेवून ते बसले होते, तेवढ्यात टीव्हीच्या हप्त्याचा माणूस आला. त्याला काही माहीत नव्हतं. त्याने नेहमीसारखं विचारलं, ‘वहिनी, हप्ता?’ जोडीदाराची बायको उठली, आत गेली आणि पैसे घेऊन आली.

“सुटे नव्हते तिच्याकडे,” दाजी म्हणाले. “तो म्हणाला, पुढच्या महिन्यात द्या उरलेले. तेव्हाच ठरवलं. माझ्यामागे हिच्या दारात कुणी येणार नाही.”

मी उगाच सामानाच्या दोरीची गाठ सोडून पुन्हा मारली.

ताई त्यांच्यासमोर खाली बसली आणि बुटांच्या नाड्या सोडायला लागली. “माझ्या दारात कोण येतं ते मी बघेन. तुम्ही देणं ठेवून जा.”

“आणि?”

“आणि फेडायला या.”

दाजींनी पाय मागे घेतला नाही. थोड्या वेळाने विचारलं, “काय काय आहे बिलात?”

“तेलाचा डबा आणि दोन बल्ब.”

“बरं,” ते म्हणाले.

ताईने दोन्ही कार्डांची बिलं वेळच्या वेळी भरली. क्वचित फोन लागे तेव्हा दाजी आधी बल्बबद्दल विचारत आणि मग मुलीबद्दल. निवृत्तीला काही महिने उरले असताना ते परत आले, तेव्हा गाल बसलेले होते आणि उन्हाने नाक सोललं होतं. स्कोअर मात्र उभा राहिला होता. माझ्याइतका नाही, पण बँकेला पुरेसा. मी हे बोलून दाखवलं नाही, याची नोंद व्हावी.

कर्जाच्या कागदांवर सह्या करायला पुन्हा आम्ही तिघं. त्याच बाई.

“मुदत पंधरा वर्षं आहे, सर. पण निवृत्तीची रक्कम आली की तुम्ही आधी फेडून टाकू शकता. बरेच फौजी तेच करतात.”

आता काय उत्तर येणार हे मला ठाऊक होतं. दाजींनी तोंड उघडलंही. पण त्यांच्याआधी ताई बोलली.

“नको. पंधराच ठेवा.”

“अगं, पंधरा वर्षं देणं डोक्यावर?”

“हो,” ताई म्हणाली. तिचे डोळे भरले होते आणि ती ते पुसतही नव्हती. “पंधरा वर्षं तुम्ही मला सोडून कुठेही जायचं नाही. दर महिन्याला हप्ता भरायला इथे यायचं.”

बाई स्क्रीनकडे बघायला लागल्या, मी पंख्याकडे. दाजींनी बराच वेळ पेन नुसतं हातात धरलं. मग बाईंनी जिथे जिथे बोट ठेवलं, तिथे तिथे सही केली.