धुक्याचे पत्ते

नवीन संच आला की त्यावर पहिलं मत मी द्यायचं, असं आमच्या ग्रुपवर कुणी ठरवलेलं नाही. तरी मी देतो. राक्षस, जादूगार आणि उडते साप छापलेले पत्ते खेळणारे बेळगावातले आम्ही काही बाप्ये, सगळे चाळिशी उलटलेले. बायका याला पोरांचा खेळ म्हणतात. पोरं काहीच म्हणत नाहीत, नुसती लाजतात. प्रत्येक संचावर मी ठाम मत देतो आणि ते ठामपणे चुकतं. मागच्या संचातल्या एका बेडकाला मी रद्दी म्हटलं होतं. पुढं कित्येक महिने त्या बेडकानं मला खाल्लं. विशेषतः अण्णाच्या हातातल्या.

अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ. कंग्राळीहून बेळगावच्या शाळेत पोरं नेणारी व्हॅन चालवतो. हा खेळ त्याला मीच शिकवला आणि तेव्हापासून त्याच्याकडून हरतोय. पत्त्यांवरचं सगळं इंग्रजीत. अण्णा ते वाचत बसत नाही. चित्राचा रंग बघून ‘हिरवा सापवाला’, ‘बोडका राजा’ अशी आपली नावं ठेवलीत त्यानं. कुणाची ताकद किती, कोण कुणाला मारतो, सगळं तोंडपाठ.

नवा संच नेमका खंडेनवमीला आला. व्हॅन धुऊन, झेंडूची माळ घालून दारात उभी होती. चारी चाकांपुढं लिंबं. वहिनी हळदीकुंकवाचं ताट घेऊन आली तेवढ्यात कुरिअरवाला.

“ठेव बॉनेटवर,” अण्णा म्हणाला, “तेबी हत्यारच हाय आपलं.”

“गाडीनं पोट भरतंय,” वहिनी म्हणाली. “ह्यानं काय भरतंय?”

“ह्याचं डोस्कं. लई रिकामं हाय न्हवं.” अण्णानं माझ्याकडं बोट केलं.

मला दम कुठला. मी एक पाकीट तिथंच फोडलं आणि भक्तिभावानं वरच्या पत्त्याच्या पाठीवर ओल्या कुंकवाचा अंगठा टेकवला. मग लक्षात आलं, पाठीवर खूण असलेला पत्ता समोरच्याला लगेच कळतो. उलटून बघितलं तर अख्ख्या संचातला राजा निघाला, ताकद नऊ. कुणाला न सांगता मी तो गड्डीत मिसळला.

“जेवून लिंबं फोडू,” अण्णा गल्लीतल्या पोरांना म्हणाला, “मग समद्यांस्नी गाडीतनं एक फेरी.”

मटण-भाकरी झाल्यावर आम्ही सोप्यात पत्ते मांडले. पहिलं दर्शन निराशेचं. धुक्यात बुडालेल्या राज्याची गोष्ट होती म्हणे, म्हणून सगळी चित्रं करडी. राक्षस कुठला, डोंगर कुठला, कळेना. अक्षरं मुंग्यांसारखी. फक्त ताकदीचा आकडा नेहमीसारखा कोपऱ्यात, चिंचोक्याएवढा. मी ग्रुपवर टाकलं, ‘चित्रकार झोपला होता.’ खाली लगेच उत्तर आलं, ‘चष्मा बदल.’

अण्णानं एक पत्ता नाकाजवळ नेला, दाराच्या उजेडाकडं तिरपा धरला.

“वाच की रं जरा.”

“तुझा पत्ता मी वाचला तर डाव काय राहिला?”

“इंग्लिश लई बारीक हाय. वाच.”

पत्त्याच्या पाठीवर माझा लाल अंगठा होता. एरवी अण्णानं ती खूण बघून माझं बखोट धरलं असतं. मला वाटलं, बघून न बघितल्यासारखं करतोय. आता आपणही गंमत करू.

“दोन,” मी म्हणालो. “ताकद दोन. एकदम भिकार.”

आणि टाळक्यात टपली बसायची वाट बघत राहिलो. चिंचोक्याएवढा नऊ त्याच्या बोटाशेजारीच होता.

“हां,” अण्णा म्हणाला आणि पत्ता बाजूला सारला.

डाव मी जिंकला. अण्णाला पहिल्यांदाच हरवलं होतं. मी हसायला लागलो आणि हसता हसता मला माझी मुलगी आठवली. ती त्याच्या व्हॅनमधून जाते, पुढच्या सीटवर. मोठे पप्पा एक खेळ घेतात म्हणून तिनंच सांगितलं होतं. ‘समोर काय?’ असं ते विचारतात. पुढं बसलेल्यानं म्हैस, सायकल, हंप, जे असेल ते ओरडायचं. आधी ओरडेल त्याला गोळी. माझा भाऊ पोरांत किती रमतो म्हणून मी ही गोष्ट ऑफिसात कौतुकानं सांगत फिरलो होतो.

“अण्णा,” मी म्हणालो, “समोर काय?”

तो पत्ते गोळा करत होता. हात थांबले.

“तिनं सांगितलं व्हय?”

“तिला खेळच वाटतोय.”

“खेळच हाय त्यो.”

“कधीपास्नं?”

“पावसाळ्याच्या आधीपास्नं.” आवाज खाली आला. “शुगर. डाव्यात जाळं. उजव्यात मधीच काळं दिसतंय. दाखवून आलतो. गेलेली नजर परत येत न्हाय म्हणाला डॉक्टर.”

“आणि पोरं भरून गाडी चालवतोस?”

“रस्ता पाठ हाय रं मला. खड्डा न् खड्डा.”

“पत्तंबी पाठ होतं तुला.”

बाहेर पोरं गाडीभोवती जमली होती. कुणी तरी हॉर्न वाजवला.

“जुनं पत्तं काढ,” अण्णा म्हणाला. “एक डाव. हरलो तर चावी तुझी.”

जुन्या पत्त्यांनी तो जिंकणार हे दोघांनाही माहीत होतं. खोटं कशाला बोलू, ते आणायला मी उठलोही होतो. भांडणापेक्षा हरणं मला सवयीचं. मग परत हॉर्न वाजला.

“न्हाय. ह्याच पत्त्यानं खेळू.”

“ह्यात मला दिसत न्हाय!” अण्णा ओरडला.

आतल्या दारात वहिनी तांब्या घेऊन उभी होती. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. तिनं तांब्या खाली ठेवला.

अण्णानं विचारलं, “मगाचा पत्ता दोनचाच होता?”

“नऊचा.”

“म्हंजे डाव माझा होता.”

“व्हय.”

“लबाड.” त्यानं खिशातून चावी काढून पत्त्यांवर ठेवली. “जा. लिंबं तू फोड. फेरी मार पोरांस्नी.”

माझं ड्रायव्हिंग साऱ्या गल्लीला ठाऊक. पोरं माझ्याकडं बघून आत बसावं की नको, या विचारात पडली. मी बसलो, चावी फिरवली, क्लच सोडला. गाडी मागं गेली, गचका खाऊन बंद पडली. पोरं खिदळली. लिंबं होती तिथंच, समोर, पिवळीजर्द.

अण्णा दारात येऊन उभा होता, शेजारी वहिनी. तोंड गाडीकडं.

“फुटली का गं लिंबं?” त्यानं विचारलं.

वहिनीनं लिंबांकडं बघितलं, मग माझ्याकडं.

“फुटली,” ती म्हणाली.