उलटी मखमल

आमच्या चर्चच्या बाजूच्या वेदीवर एक चित्र आहे, साडेपाचशे वर्षांपूर्वीचं. ते करवून घेणारी बाई कोपऱ्यात लाल मखमलीच्या पोशाखात गुडघे टेकून, हात जोडून बसली आहे. माझी मैत्रीण एर्सीलिया रोज सकाळी तिच्यासमोर बसायची. फ्लोरेन्समध्ये चित्रांना तोटा नाही, पण हिला चेहरे दिसतच नसत, टाके दिसायचे. "ही कळी घाईत भरलीय," म्हणायची, "आणि ही दुसऱ्याच कुणीतरी."

तरुणपणी ती मठात, सिस्टर प्लाचिदांच्या भरतकामाच्या खोलीत कामाला होती. डोळे अधू झाले म्हणून सोडलं, असं ती मला चाळीस वर्षं सांगत आली होती.

माझ्या वहीत तारीख आहे, अकरा मार्च. चित्र साफ करायला ऑर्नेला नावाची मुलगी आली होती. बाईच्या बाहीचा कोपराखालचा भाग काळपट आहे. कुणीतरी मागाहून रंग चढवला असावा, उद्या तो काढून टाकते, असं ती म्हणाली.

"काढू नकोस," एर्सीलिया म्हणाली. "कापडच तसं आहे."

"कापड नाही आजी, रंग आहे तो." ऑर्नेला हसली.

मी म्हटलं, "ऐकून तर घे. ही बडबड करते, पण खोटं बोलत नाही."

एर्सीलियानं माझ्याकडे पाहिलं आणि ती घरी गेली. परतली ती लाल मखमलीचे दोन तुकडे घेऊन. शेजारी शेजारी ठेवले आणि एक वरचं टोक खाली येईल असा फिरवला. तो लगेच काळपट दिसू लागला.

"मखमलीला एका दिशेला झुकलेली लव असते. बाहीला कापड कमी पडलं, शिंप्यानं उरलेला तुकडा उलटा जोडला. जरीची वेल बघ, सांध्यावरून सलग गेलीय. म्हणजे जोडल्यावर भरलीय, सांधा लपवायला."

"तुम्हाला कसं कळलं?"

"मीही केलंय तसं. बिशपांच्या झग्याची अर्धी पाठ उलटी कापली. ते वेदीकडे वळले तेव्हा सगळ्या चर्चला दिसलं. सिस्टर म्हणाल्या, उद्यापासून इस्त्रीला बस. मी गेलेच नाही." मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "डोळ्यांना काही झालं नव्हतं गं."

"ठाऊक आहे. अजून पहिल्या फटक्यात सुई ओवतेस."

ऑर्नेला भिंग लावून बराच वेळ बाही बघत राहिली. मग कापसाचे बोळे तिनं डब्यात परत ठेवले.

"पण चित्रकाराला झाकायला काय झालं होतं?" तिनं विचारलं.

"त्यानं दिसलं ते काढलं. झाकलं ते या बाईनं," एर्सीलिया म्हणाली. चित्रातल्या बाईच्या जोडलेल्या हातांवरची पोवळ्यांची जपमाळ बरोबर त्या सांध्यावर सोडलेली होती. "माळ पुरली नाही बिचारीला."