आधी बरे व्हा, मग मलिदा

यांना दुबईत पक्षाघाताचा झटका आला तेव्हा मी देवाशी अबोला धरला होता. आम्ही कोकणातले बेने इस्राएल, मराठी बोलणारे यहुदी. सुखात आणि संकटात आमच्याकडे एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या नावाने, देवाचे आभार मानत, मलिदा करतात: गोड पोहे, ओलं खोबरं, फळं, आणि वास घ्यायला गुलाब. लेकाच्या डिस्कव्हरी गार्डन्समधल्या घरून मी रोज हॉस्पिटलात जायचे आणि हे रोज म्हणायचे, "अगं, मलिदा कर ना." माझं ठरलेलं, "आधी बरे व्हा, मग मलिदा. आधी देवाला त्याचं काम करू दे." हे अर्ध्या ओठांनी हसायचे. "तू काय त्याची मॅनेजर?" होतेच! साठी उलटली तरी स्वतःला तरुण समजणारी बया, देवाला कामाला लावून वर पाळत ठेवत होती.

आमच्या शास्त्रात एक जुनं हिब्रू काव्य आहे. सगळं गमावलेला एक भला माणूस देवाला जाब विचारतो. देव वावटळीतून बोलतो खरा, पण कारण सांगतच नाही. समुद्र, पाऊस, रानातली जनावरं यांबद्दल त्यालाच विचारत सुटतो. यांना ते फार आवडायचं. मी नाक मुरडायचे, "प्रश्न एक, उत्तर भलतंच. असल्या पेपराला मी शून्य दिलं असतं."

एका दुपारी डॉक्टर म्हणाले, आता तोंडाने काही द्यायचं नाही, घास श्वासनलिकेत जाईल. मी बाहेर पडले आणि भर रस्त्यात वर बघून भांडायला लागले. तेवढ्यात धुळीचं वादळ आलं. समोरचा टॉवर गेला, रस्ता गेला, स्वतःचा हात दिसेना. तोंडात वाळू, भांडणार कशाने? गाड्यांचे हॉर्न अगदी अंगाशी. "तुझं तू बघ," एवढंच देवाला मनात म्हटलं. कोणीतरी माझं मनगट धरलं. अबाया घातलेली एक बाई होती. "यल्ला उम्मी, यल्ला," असं, 'चल आई, चल' म्हणावं तसं म्हणत तिने मला हॉस्पिटलच्या दारात आणून सोडलं. डोळे चोळून पाहते तो ती नव्हती.

मी तिथूनच लेकाला फोन केला, "मलिदा घेऊन ये." संध्याकाळी सुनेने डब्यात पोहे आणले, सोबत गुलाब. प्रार्थनेला दहा पुरुष हवेत, आमचा लेक एकटाच. तरी त्याने म्हटली. यांना घास देता येत नव्हता, म्हणून मी गुलाब नाकाशी धरला. सुगंधाची प्रार्थना यांनी अडखळत पुरी केली आणि म्हणाले, "आता तू खा." मी खाल्लं.

त्याच आठवड्यात हे गेले.

यांचं जगणं माझ्या हातात कधीच नव्हतं. हातात होता एक घास, आणि तो मी देवाला अडवायला राखून ठेवला. त्या अनोळखी बाईचे उपकार मानते; तिच्यामुळे निदान गुलाब पोचला.

हल्ली मी काही मागण्याआधीच मलिदा करते, पुढचं देवावर सोपवते. परवा नात म्हणाली, "बट आजी, थँक यू फॉर व्हॉट? काही झालंच नाहीये."

"गिळता येतंय ना तुला?" मी म्हटलं. "मग खा."