मोकळ्या जागा मी भरल्या

आज सकाळी मी लेकीचं काम बिघडवलं.

ईराला शाळेत एका प्राचीन ग्रीक कवयित्रीवर बोलायचं होतं. अडीच हजार वर्षांपूर्वी ती वाद्यावर गायच्या कविता रचायची. बहुतेक हरवल्या, उरल्या त्या हस्तलिखितांच्या फाटक्या तुकड्यांवरच्या अर्ध्यामुर्ध्या ओळी. ईराने स्लाइडवर त्या मधल्या मोकळ्या जागांसकट ठेवल्या होत्या. मला अपुरं वाटलं, म्हणून तिला न विचारता मी शब्द भरले.

“आई, धिस इज नॉट हर. धिस इज यू.” इथे आखातात, अल वक्राच्या आमच्या गल्लीत स्कूलबस येईपर्यंत ती माझे शब्द पुसत होती.

दुपारी नाशिकहून माझ्या आईचा व्हिडिओ कॉल आला. “काय गं, कसं झालं भाषण?”

“आजी, मी आज सगळ्यांसमोर...” ईरा अडली. एरवी तिचं मराठी वाक्य मीच पुरं करते. “छान बोलले” माझ्या ओठांवर आलंही होतं. पण गप्प बसले.

शब्द शोधत ती म्हणाली, “...घाबरले. पण थांबले नाही.”

इथल्या मराठी आईबाबांनो, तुम्हीही मुलांची वाक्यं पुरी करता का? आजवर मी आईला नक्की कोणाचं बोलणं ऐकवत होते?